एकशे साठ मिलिलिटर

मंगळवार, ८ जानेवारी

वही लिहिण्याची मला सवय नाही. ऑफिसात दिवसभर नोटिंग लिहून बोटं इतकी आखडतात की घरची वाण्याची यादीसुद्धा सुनीतीच लिहिते. पण परवा रविवारी सकाळी मी बाप झालो. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यात दोनदा आशा लागली आणि मोडली. तेव्हा ही गोष्ट नोंदीवाचून राहू नये.

मुलगी आहे. वजन अकराशे ग्रॅम. सुनीतीचं ब्लडप्रेशर एकाएकी वाढलं आणि डॉक्टरांनी अकरा आठवडे आधीच सिझेरियन केलं. बाळ काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी, तोंडातून पोटात नळी. तिचं अख्खं पाऊल माझ्या अंगठ्याएवढं आहे. मला वाटलं होतं, बघून मी रडेन. तसं काही झालं नाही. मी पेटीवरचे सगळे आकडे पाठ करून आलो.

शुक्रवार, ११ जानेवारी

आज डॉ. अलकनंदा नेगींनी मला चांगली पंधरा मिनिटं दिली. गढवालच्या आहेत, बोलणं सरळ. "देखिए जयंत जी, इस बच्ची की सबसे बड़ी दवा माँ का दूध है," म्हणाल्या आणि कागदावर आतड्याचं चित्रच काढलं. जन्मताना बाळाचं आतडं रिकामं असतं. मग तिथे जंतू येऊन वस्ती करतात, आणि आधी कोण येतं यावर पुढचं बरंच ठरतं. आईच्या दुधात काही साखरी अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात चांगल्या जंतूंसाठी. ते त्या खातात आणि आम्लं तयार करतात, त्या आम्लांनी आतड्याचं अस्तर धड राहतं आणि वाईट जंतूंना थारा मिळत नाही. आमच्या बाळाला पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक द्यावं लागलं, म्हणजे जे काही आले असतील तेही गेले. आता सगळी भिस्त दुधावर.

मी सरकारी क्वार्टरांच्या वाटपात चौदा वर्षं काढली आहेत. मला हे एका फटक्यात कळलं. रिकामं घर दिसलं की आत पहिला कोण शिरतो याला महत्त्व. एकदा भलत्याचा ताबा झाला की मग बसा नोटिसा काढत. मी तसं म्हटल्यावर बाई हसल्या. "बिल्कुल सही समझे आप."

आणखी तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या. सुनीतीने वॉर्डाशेजारी आयांची खोली आहे तिथे राहावं, बाळाला रोज छातीशी धरावं, म्हणजे दूध सुटेल. कमी पडलं तर इस्पितळाच्या दूधपेढीत दुसऱ्या आयांनी दिलेलं, तपासलेलं दूध आहे, "बस बता दीजिएगा, इसमें शर्म की कोई बात नहीं." आणि डब्याची पावडर किंवा गाईम्हशीचं दूध अजिबात नको. एवढ्या कोवळ्या आतड्याला ते सोसत नाही, कधी कधी आतडं सडतं.

ती खोली मी बघून आलो. सहा बाया आणि एक संडास. सुनीतीला उद्या घरी नेतो. लक्ष्मीबाई नगर इथून पंचवीस मिनिटांवर, दूध मी आइसबॉक्समधून पोचवीन. पेढीची गरज पडणार नाही असंही सांगून आलो. आपल्या मुलीला परक्या बाईचं दूध कशाला? आतडं सडण्याचं सुनीतीला सांगितलेलं नाही. आधीच बीपी, तिला घाबरवून काय मिळणार?

रविवार, १३ जानेवारी

आई काल सांगलीहून आली. निजामुद्दीनवर उतरली ती अळीव, डिंक आणि खारकांचं पोतं घेऊनच. हमालाने विचारलं, "माताजी, दुकान खोलना है क्या?"

फ्रिजच्या दारावर मी तक्ता लावला आहे. तारीख, वेळ, मिली, शेरा. वर लाल पेनने लिहिलं, ‘थेंबे थेंबे तळे साचे’. काल एकूण बावीस मिली. बाई म्हणाल्या होत्या की बाळ पूर्ण दुधावर आलं की दिवसाला एकशे साठपर्यंत लागेल. ते अजून दोनतीन आठवड्यांनी. पण तहान लागल्यावर विहीर खणणारा मी नव्हे. लक्ष्य: २२ तारखेपर्यंत १६०.

आई तक्त्यासमोर उभी राहून चष्मा वरखाली करत होती. "अरे, ती काय गोठ्यातली म्हैस आहे का, धारांचे आकडे लिहायला?" म्हणाली. आईचं आणि सुनीतीचं एरवी विशेष पटत नाही, आज कशी कोण जाणे तिच्या बाजूने बोलली.

मंगळवार, १५ जानेवारी

संक्रांत. आईने वॉर्डातल्या सिस्टरांसाठी तिळगूळ दिला होता. एकतीस मिली.

रोज संध्याकाळी आकडा मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. पुण्याचे काका, सुनीतीची बहीण, सगळे अंगठे दाखवतात, हात जोडतात. तेवढाच तिला हुरूप. आज मात्र म्हणाली, "जयंत, नको ना टाकूस." लाजते.

शुक्रवार, १८ जानेवारी

अडतीस. गाडी पुढे सरकत नाही. बाळाला सध्या तीन तासांनी जेमतेम चार-पाच मिली देतात, पण पुढचं काय? आज मी सुनीतीसमोर बसून नीट आढावा घेतला. अळीव किती खाल्ले, झोप किती, पंप किती वेळा. ती खाली मान घालून उत्तरं देत होती. मग म्हणाली, "आणि नाहीच झालं तर?"

मी म्हटलं, "नाही हा शब्दच नको. तिचा जीव तुझ्या हातात आहे."

जरा कडक बोललो. पण ऑफिसातही बघतो, टोचल्याशिवाय फाइल हलत नाही. आईने आतून भांडं आपटलं.

रविवार, २० जानेवारी

एकशे दहा!! काल बेचाळीस आणि आज एकशे दहा. मी तीनदा बाटल्या मोजल्या. म्हटलं नव्हतं? आता सुनीती स्वयंपाकघराचं दार लावून आत पंप करते. आईसमोर संकोच वाटत असेल.

ग्रुपवर सगळ्यांनी फटाके फोडले. सुनीतीला मोबाईल दाखवला तर तिने नुसतं हं केलं. थकली आहे.

मंगळवार, २२ जानेवारी

एकशे साठ. ठरल्या तारखेला, ठरलेला आकडा. घोडं गंगेत न्हालं.

ऑफिसात पेढे वाटले. आमचा सेक्शन ऑफिसर दीनानाथ म्हणाला, "सर, आप तो भाभी जी से भी ज़्यादा थके लग रहे हैं." खरंच आहे. पहाटे धुक्यात गाडी काढायची, इस्पितळात बाटल्या द्यायच्या, मग ऑफिस, संध्याकाळी पुन्हा फेरी. पण बाळाचं वजन अकराशे चाळीस झालं. तिने माझं बोट धरलं. धरलं म्हणजे तिच्या मुठीत माझं नख मावलं. त्या वेळी मला फार, फार बरं वाटलं. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

घरी आल्यावर आईची कुरकूर, चहाला दूध पुरत नाही. बूथवरून रोज लिटर येतं, जातं कुठे? मी म्हटलं, तू दिवसातून सहादा चहा घेतेस, दुधाने काय करावं? एरवी अशा बोलण्यावर आई दोन शब्द सुनावते. आज माझ्याकडे बघत राहिली आणि उठून गेली. उद्यापासून अर्धा लिटर जास्त आणीन.

गुरुवार, २४ जानेवारी

सकाळी सुनीती म्हणाली, "आज नको नेऊस. कालचं असेल ना तिकडे?" मी म्हटलं, साखळी तोडायची नाही. वॉर्डातल्या सिस्टर जिन्सी तर हात जोडतात, "भैया, फ्रिज में जगह नहीं है, थोड़ा कम लाइए." असं ऐकायला भाग्य लागतं. डॉ. नेगींनी मात्र पुन्हा तेच विचारलं, बाळाची आई का येत नाही? टाके अजून दुखतात, म्हटलं. दोनदा आणली होती, पेटीपाशी उभं राहून इतकी रडली की मलाच शरमल्यासारखं झालं. घरी असली की दूध तरी शांतपणे येतं.

संध्याकाळी ती आपणहून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "अरे, आपल्या आज्या गाईच्या दुधावर मुलं वाढवायच्या ना? माझी मावशी तर जन्मापासून गाईच्याच दुधावर. तेव्हा कुठे काय व्हायचं?"

तिला विषयात रस वाटतोय हे बघून मला आनंद झाला. मी आमच्या भाषेत सगळं समजावलं. आतडं म्हणजे नवी कॉलनी. आईचं दूध म्हणजे वाटपाचं पत्र. ते ज्याच्यासाठी आहे तो सज्जन भाडेकरू आत येतो, आणि भिंतींची निगा राखतो. वरचं दूध आलं की भलतेच शिरतात.

"आणि ते शिरले तर?" तिने विचारलं.

"मग भिंती पोखरतात. इमारतच पडते," मी म्हटलं.

ती पांढरीफटक पडली, तशीच उठली आणि न्हाणीघरात गेली. उलटीचा आवाज आला. आई पाठोपाठ धावली. अळीव जास्त झाले असणार.

शुक्रवार, २५ जानेवारी

अठ्ठ्याहत्तर! एका दिवसात निम्म्यावर. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, "जेवढं आहे तेवढं आहे." ग्रुपवर काय लिहू? मी बरंच बोललो. चांगलं चाललेलं असताना माणूस ढिला पडतो, असंही बोललो. आई मध्ये पडली आणि तिने माझ्या हातातला पेन काढून घेतला. गेल्या शुक्रवारी तिने भांडं आपटलं तसंच पुन्हा, घरात दोघी एका बाजूला आणि मी एकटा.

सुनीती म्हणते, तिकडच्या फ्रिजमधल्या जुन्या बाटल्या परत आण, खराब झाल्या असतील. मी म्हटलं, शून्याखाली वीस अंशांवर काही खराब होत नाही. आणि त्याच बाटल्यांवर आता दिवस काढायचे आहेत.

रविवार, २७ जानेवारी

सकाळी बाळाचं पोट फुगलेलं होतं. नळीतून हिरवं आलं. दूध बंद केलं आहे. "देखते हैं," डॉ. नेगी म्हणाल्या. त्या कधी असं अर्धवट बोलत नाहीत.

सोमवार, २८ जानेवारी

बाळाच्या शीमधून रक्त आलं. एक्सरेत आतड्याच्या भिंतीत हवा दिसते. एनईसी म्हणतात त्याला. अस्तराला भोकं पडून जंतू भिंतीत शिरले आहेत. वजन, ऑक्सिजन, नाडी, सगळं लिहून आणलं आहे. लिहून काय होणार कळत नाही.

मंगळवार, २९ जानेवारी

आतडं फुटलं. सर्जननी पोटाला छोटं छिद्र पाडून नळी घातली. मोठं ऑपरेशन तिला सोसणार नाही.

सुनीतीला आज घेऊन गेलो. तिने सगळ्यांसमोर डॉ. नेगींना विचारलं, "मॅडम, दूध से हुआ है क्या?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "नहीं बेटा. माँ के दूध से तो यह बीमारी कम होती है. आपने जितना किया, कोई नहीं करता. इतने छोटे बच्चों में कभी-कभी फिर भी हो जाता है. अपने को दोष मत देना."

इतकं गोड बोलल्या, कुणाही आईला धीर आला असता. सुनीतीने तिथेच जमिनीवर बसकण मारली आणि ती ऊर बडवून रडायला लागली. सिस्टर जिन्सींनी आणि मी तिला उचललं. बाई चांगलं बोलल्यावर ती का मोडली, हे मला काही केल्या उमगलं नाही.

गुरुवार, ३१ जानेवारी

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गेली.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. मीच नेलं, मांडीवर ठेवून. दीनानाथने गाडी चालवली. तिथल्या माणसाने रजिस्टर उघडून नाव विचारलं. बारसं झालं नव्हतं. इस्पितळाच्या कागदावर होतं ते सांगितलं, बेबी ऑफ सुनीती. तो म्हणाला, "पच्चीस दिन की थी? नाम नहीं रखा?" नाव मी ठरवलं होतं. घरी येईल त्या दिवशी सांगणार होतो. आता ते कुणाला सांगणार नाही, इथेही लिहिणार नाही.

सोमवार, ४ फेब्रुवारी

सुनीतीला अजून दूध येतं. ते आटावं म्हणून आईने तिला कोबीची पानं बांधली आहेत. दोघी आतल्या खोलीतच असतात. मी गेलो की बोलणं थांबतं.

शनिवार, ९ फेब्रुवारी

मी हे असं सोडणार नाही. इस्पितळाकडे अर्ज करून सगळी फाइल मागवली होती, ती आज मिळाली. शंभरावर पानं. ऑफिसातली फाइल वाचतो तशी वाचली, एकेक नोंद बघत. आणि सापडलं! रोज मी एकशे साठ पोचवत होतो. बाळाला त्यांनी किती दिलं? २२ तारखेला अठ्ठावन्न. सगळ्यात जास्त दिलं ते २६ला, शहात्तर. दूध फ्रिजमध्ये भरलेलं, आणि माझी मुलगी अर्धपोटी.

लाल पेनने तो आकडा गोल केला. उपाशी ठेवलं त्यांनी तिला. दूध मिळालं असतं तर चांगल्या जंतूंची वस्ती वाढली असती, भिंत टिकली असती. बाईंनीच तर समजावलं होतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "जयंत, सोड आता. देवाने नेलं म्हण."

"देवाने नाही नेलं," मी म्हटलं. "कुणीतरी चूक केली आहे, आणि ती मी कागदावर आणणार."

आईने पदर तोंडाला लावला.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

तक्रार तयार होत आली. सात पानं, बारा मुद्दे. रात्रंदिवस तेच डोक्यात. काम हातात असलं की बरं असतं. काम नसलं की त्या मुठीची आठवण येते आणि मला बसवत नाही.

रविवार, १७ फेब्रुवारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी दहाच्या सुमारास तक्रारीचे कागद घेऊन बाहेरच्या खोलीत आलो. सुनीती टेबलाशी बसली होती, आई मेथी निवडत होती. तक्रारीवर आईबाप दोघांच्या सह्या लागतात. मी पेन उघडून सुनीतीसमोर ठेवला आणि म्हटलं, "वाचायची गरज नाही, मी सगळं बघितलंय."

तिने तरी वाचलं. सातही पानं, सावकाश. मग पेन बंद करून बाजूला ठेवला.

"चौथा मुद्दा खोटा आहे," ती म्हणाली.

चौथा मुद्दा असा: बाळास केवळ आईचेच दूध देण्यात आले व ते मुबलक प्रमाणात उपलब्ध होते.

"खोटं काय त्यात?"

"त्यात बूथवरचं दूध होतं. एकोणीस तारखेच्या संध्याकाळपासून. मी उकळून, गाळून, गार करून घालायचे. सगळ्या बाटल्यांत सारखं. चोवीसला तू ते इमारतीचं सांगितलंस, त्यानंतर नाही घातलं. पण तिकडे जुन्याच बाटल्या होत्या. मी तुला आण म्हटलं होतं. का ते सांगायला जीभ उचलली नाही." हे सगळं ती एका सुरात बोलली, पाठ केल्यासारखं. "मला वाटलं होतं, दूधच तर आहे. कुणी सांगितलं नव्हतं रे मला."

आईने मान वर केली नाही. मेथीची एकच काडी ती किती वेळ खुडत होती. तेव्हा मला कळलं की तिलाही ठाऊक आहे.

अशा वेळी नवरा काय म्हणतो मला माहीत नाही. ओरडत असेल, रडत असेल, बायकोला जवळ घेत असेल. माझ्या तोंडून निघालं, "किती मिली?"

आईच्या हातातली जुडी खाली पडली. सुनीती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता. काहीच नव्हतं.

"माझं शेवटी ऐंशीपर्यंत यायचं," ती म्हणाली. "बाकीचं तुझं."

ती आत गेली. आई उठून तिच्या मागे गेली आणि दार लागलं. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, कपाटाचा आवाज आला. उद्याच्या गाडीने दोघी सांगलीला जातील असं दिसतं. मला कुणी विचारलं नाही, मीही थांबवायला उठलो नाही.

इस्पितळाची फाइल टेबलावर उघडीच होती. सगळ्यात जास्त दूध तिला लागलं त्या दिवसाचा आकडा मीच गोल केलेला आहे. शहात्तर.